तरुण पोरं आयसीयूत का दिसू लागली? २०२१च्या लाटेचा हिशोब

प्रवासात ऐकताना ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप.

आज आपल्याला जायचंय २०२१च्या एप्रिल-मे महिन्यात. आठवतंय ना? व्हॉट्सॲप ग्रुपवर दिवसभर एकच चौकशी. व्हेंटिलेटरचा बेड कुठे आहे? रेमडेसिवीर कुठे मिळेल? आणि पेशंटचं वय वाचलं की पोटात गोळा यायचा, कारण ते तिशी-चाळिशीतलं असायचं. पहिल्या लाटेत तर सगळे ‘म्हाताऱ्या माणसांना जपा’ म्हणत होते. मग धडधाकट पोरं आयसीयूत कशी पोचली?

आधी एक आकडा बघू. एप्रिल २०२१मध्ये आयसीएमआरने दोन्ही लाटांमधल्या रुग्णांची तुलना मांडली. सरासरी वय पहिल्या लाटेत ५० होतं, दुसऱ्या लाटेत ४९. दोन्ही वेळा ७० टक्क्यांहून जास्त रुग्ण चाळिशीच्या पुढचे. म्हणजे विषाणूने म्हाताऱ्यांना सोडून तरुणांना धरलं, असं काही झालं नव्हतं. फरक होता तो ऑक्सिजनच्या गरजेत. ती ४१.१ टक्क्यांवरून ५४.५ टक्क्यांवर गेली होती.

मग आपल्याला दिसलं ते खोटं होतं का? अजिबात नाही. समजा, एखाद्या दवाखान्यात पहिल्या लाटेत १०० पेशंट आले आणि त्यात ३० तरुण होते. दुसऱ्या लाटेत ४०० आले आणि तरुणांचा टक्का तोच राहिला, तरी तरुण झाले १२०. टक्का तोच, पण घरं चौपट. शिवाय तरुण शरीर जास्त दिवस झुंजतं. जो २० दिवस बेडवर असतो, तो २० दिवस सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतो.

पण सगळा खेळ नुसत्या आकड्यांचा नव्हता. खरी कारणंही होती.

पहिलं कारण म्हणजे बाहेर कोण पडत होतं? आपल्या खुटबावचंच घ्या. गाव पुणे-दौंड रेल्वेमार्गावर. कुणी कामाला हडपसरला, कुणी पुण्यात, कुणी कुरकुंभ एमआयडीसीत. दूध, भाजी, ऊस, सगळ्याची ने-आण करणारी तरुण माणसं. आजी-आजोबा घरात बसू शकत होते, कमावत्या पोराला ते परवडणारं नव्हतं. ११ मे २०२१ला आयसीएमआरचे तेव्हाचे महासंचालक डॉ. बलराम भार्गव यांनीही हेच कारण सांगितलं होतं: तरुण अचानक बाहेर पडू लागले होते आणि विषाणूचे नवे प्रकार पसरत होते.

दुसरं कारण, तो नवा प्रकार. महाराष्ट्रातल्या नमुन्यांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं, आणि ३१ मे २०२१ला जागतिक आरोग्य संघटनेने त्याला ‘डेल्टा’ नाव दिलं. तो आधीच्यापेक्षा खूप वेगाने पसरायचा. एकाला झाला की अख्खं घर आजारी.

तिसरं कारण, लसीची रांग. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांना आणि ४५च्या पुढच्या आजारी लोकांना, १ एप्रिलपासून ४५च्या पुढच्या सगळ्यांना लस. १८ ते ४४ वयाची पाळी आली १ मेला, आणि काही दिवसांतच लस कमी पडल्याने राज्याला या गटाचं लसीकरण थांबवावं लागलं. रांग चुकीची नव्हती, ज्येष्ठांना धोका जास्तच होता. पण लाट आली तेव्हा तरुण मात्र रांगेत शेवटी उभे होते.

चौथं कारण नीट ऐका, कारण ते आपल्या हातातलं आहे. उशीर. ‘जरा कणकण आहे, होईल बरं’ म्हणत आपण चार-पाच दिवस काढतो. तरुण शरीर ऑक्सिजन कमी झाला तरी सांभाळून घेतं. माणूस फोनवर नीट बोलत असतो आणि ऑक्सिमीटर ८८ दाखवत असतो. त्रास जाणवेपर्यंत फुप्फुसांचं बरंच नुकसान झालेलं असतं. ज्या ताकदीवर आपला भरवसा असतो, तीच आजार झाकून ठेवते.

पाचवं, न तपासलेली शुगर आणि बीपी. वजन जास्त, पण ‘मला कुठे काय आहे?’ ही खात्री. अनेकांना मधुमेह असल्याचं कळलं ते थेट ॲडमिट झाल्यावर. त्यात कुणाचं तरी ऐकून घरीच घेतलेल्या स्टिरॉईडच्या गोळ्या. ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत २०२०मध्येच दिसलं होतं की, डेक्सामेथासोनमुळे ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णांचे जीव वाचतात, पण ज्यांना ऑक्सिजन लागत नाही त्यांना फायदा दिसत नाही. उलट शुगर वाढते, प्रतिकारशक्ती दबते. म्युकरमायकोसिसला वाट मिळाली ती अशीच.

एक जुनी गोष्टही सांगतो. १९१८चा फ्लू मुंबई बंदरातून देशभर पसरला, तेव्हा खरोखरच २० ते ४० वयाची माणसं मोठ्या संख्येने गेली. कोविडचं तसं नव्हतं. यात मृत्यूचा धोका शेवटपर्यंत वयाबरोबरच वाढत राहिला. पण ‘कमी धोका’ म्हणजे ‘धोका नाही’ असं नसतं, आणि लाखो लोक एकदम आजारी पडले की कमी धोकाही आयसीयू भरून टाकतो.

मग पुढच्या वेळी काय करायचं? वर्षातून एकदा शुगर-बीपी तपासून घ्या, सरकारी दवाखान्यात हे होतं. साथीच्या काळात ताप आला तर अंदाजावर जाऊ नका, मोजा. बोटाला ऑक्सिमीटर लावा, सहा मिनिटं घरातच चाला, पुन्हा बघा. आकडा ९४च्या खाली गेला किंवा चालल्यावर ३ पेक्षा जास्त अंकांनी घसरला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. चालतानाच धाप लागली तर थांबा आणि आकड्याची वाट न बघता निघा.

आणि घरात कुणी तरुण ‘मला काही होत नाही’ म्हणाला, तर त्याला हा भाग नक्की ऐकवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!