लॅपटॉपला नवा कान

दिवाळीच्या दिवसांत मुंबईहून येणारी देवगिरी एक्स्प्रेस परभणीच्या फलाटावर थांबली, की उतरणाऱ्या लेकी-जावयांच्या आणि मुला-सुनांच्या सामानाकडे पाहावे. पूर्वी वळकटी आणि फळांची करंडी असे. आता जवळजवळ प्रत्येकाच्या पाठीवर एक काळी पिशवी असते आणि तिच्यात लॅपटॉप असतो. फराळाचे ताट पुढे आले तरी हे यंत्र मांडीवरून खाली उतरत नाही, अशी घरोघरच्या आयांची तक्रार आहे. माझे म्हणणे थोडे निराळे आहे. ते यंत्र घरात आलेच आहे, तर या चार दिवसांत त्याच्याकडून एक चांगले काम करून घ्यावे. घरातल्या सर्वांत वडील माणसाचा आवाज त्यात साठवून ठेवावा.

आमच्या परभणी जिल्ह्यात तर या कामाला विशेष अर्थ आहे. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव. जात्यावर बसलेली जनी आणि तिला दळू लागणारा विठ्ठल ही कथा इकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. गावोगाव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जाती अंगणाच्या कोपऱ्यात गेली. जात्याबरोबर ओव्याही मागे पडल्या. ज्यांना त्या येतात त्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजारावर गावे पालथी घालून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. आमच्या जिल्ह्यातील ताडकळस येथे १९९६ साली ध्वनिमुद्रित झालेल्या ओव्याही त्या संग्रहात आहेत. पुढे हा ठेवा ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेने लोकांसाठी खुला केला. ते ध्वनिमुद्रण झाले नसते, तर ते सूर त्या गाणाऱ्या बायकांबरोबरच गेले असते.

परंतु एक लाख ओव्या जमल्या म्हणून आपल्या आजीच्या ओव्या जमल्या असे होत नाही. तिच्या ओवीत तिच्या माहेरच्या गावाचे नाव असते, तिच्या भावाचे नाव असते. त्या आपण स्वतःच टिपायच्या आहेत.

यंत्राला ऐकू का येत नाही?

आता कोणी म्हणेल, लॅपटॉपला स्वतःचा माईक असतोच की! असतो. पण तो बसविलेला असतो समोर बसून बैठकीत बोलणाऱ्या माणसासाठी. माणूस हातभर अंतरावर असला तर त्याचे काम भागते. जात्याजवळ मांडी घालून बसलेली आजी चार हातांवर असते आणि लॅपटॉप टेबलावर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते. आजीचा आवाज असा विरत जातो. लॅपटॉपच्या पोटातला पंखा मात्र माईकला अगदी खेटून असतो. शिवाय कित्येक लॅपटॉपांत एकसारखा येणारा आवाज हा गोंगाट समजून तो पुसून टाकण्याची सोय केलेली असते. जात्याची घरघर यंत्राला गोंगाट वाटते आणि तिच्याबरोबर ओवीचा लांबवलेला सूरही कापला जातो.

म्हणून बाहेरचा माईक हवा. तो आजीजवळ राहील आणि लॅपटॉप दूर. पण माईकची पिन भोकात खुपसली म्हणजे काम झाले, असे मात्र नाही.

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आयुष्यभर शाळेत पदार्थविज्ञान शिकविले असल्याने गल्लीतली मुले अजूनही अडले की माझ्याकडे येतात. जवळच्याच एका घरचा नातू धावत आला. “सर, माईक लावला तरी काहीच रेकॉर्ड होत नाही. आजी तासभर बसलीय.”

जाऊन पाहतो तो सतरंजीवर जाते मांडलेले, वैरणीसाठी सुपात ज्वारी, शेजारच्या चार बायका भोवती जमलेल्या. नातवाने मंडपवाल्याकडून मोठा माईक आणला होता आणि त्याच्या जाड पिनेला बारीक पिनेचा जोड लावून ती लॅपटॉपमध्ये बसविली होती. आजी तीन वेळा त्याच ओव्या म्हणून झाल्या होत्या. पडद्यावरची रेघ काही हलली नव्हती.

“लेकरा,” आजी म्हणाल्या, “त्या डब्याला ऐकू येईना, तर मी मोठ्यानं म्हनू का?”

सगळे हसले. पण आजींचा घसा बसत चालला होता, आणि ते पाहून मला हसू आले नाही. यंत्र पुन्हा पुन्हा चालविता येते. ऐंशी वर्षांचा घसा तितक्या वेळा चालत नाही.

पिनेवरच्या रेघा मोजा

ही पिन मोठी जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसलेल्या मुली तारांच्या पिना या भोकातून त्या भोकात घालून गिऱ्हाइकांची गाठ घालून देत. मंडपातल्या माईकची जाड पिन ही त्याच घराण्यातली. तिचा व्यास ६.३५ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच. पुढे ट्रान्झिस्टर रेडिओ खिशात आला आणि त्याच्यासाठी ३.५ मिलिमीटरची बारीक पिन रूढ झाली. लॅपटॉपला लागते ती हीच.

पूर्वीच्या संगणकांना दोन भोके असत: गुलाबी भोक माईकचे आणि हिरवे हेडफोनचे. त्यामुळे चुकायला फारसा वाव नव्हता. आजकालच्या लॅपटॉपला बहुधा एकच भोक असते आणि ते दोन्ही कामे करते. एकाच दारातून आवाज बाहेरही पडतो आणि आतही येतो. हे साधावे म्हणून पिनेचे चार भाग केलेले असतात. टोकाचा भाग डाव्या कानाचा, त्यामागचा उजव्या कानाचा, तिसरा परतीच्या समाईक तारेचा आणि बुडाशी असलेला चौथा माईकचा.

आपली पिन उजेडात धरून तिच्यावरच्या काळ्या रेघा मोजा. तीन रेघा असतील तर भाग चार; ही पिन लॅपटॉपच्या एकुलत्या भोकात सरळ चालते. मोबाइलसाठी मिळणाऱ्या कॉलर माईकला बहुधा अशीच पिन असते. दोनच रेघा असतील तर भाग तीन. कॅमेऱ्याच्या माईकची पिन सामान्यतः अशी असते. या पिनेत माईकची तार टोकाशी येते, म्हणजे लॅपटॉपच्या दृष्टीने डाव्या कानाच्या जागी. यंत्राला वाटते, कोणी हेडफोन लावला आहे! ते त्याला गाणे ऐकवू पाहते आणि आपण त्याला ओवी ऐकवू पाहतो. दोघेही आपापल्या जागी बरोबर, आणि हाती येते ती शांतता.

एकच रेघ असलेल्या दोन भागांच्या पिनेचे, म्हणजे आमच्या नातवाने जोडलेल्या पिनेचे, याहून वाईट. तिचा लांब बुडखा माईकची जागा आणि परतीची तार यांना एकत्र जोडून टाकतो. मग आवाज आत शिरायला वाटच उरत नाही.

यावर उपाय अगदी स्वस्त आहे. इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराची एक दुफाटी वायर मिळते. एका टोकाला चार भागांची पिन, दुसरीकडे दोन भोके. एकावर माईकचे चित्र, दुसऱ्यावर हेडफोनचे. दुकानात मागताना ‘माईक आणि हेडफोन वेगळे करणारी’ असे स्पष्ट सांगावे; कारण दोन हेडफोन लावण्याची वायरही दिसायला हुबेहूब तशीच असते.

नातू सायकल घेऊन स्टेशन रोडवर गेला आणि वीस मिनिटांत ती वायर आणि एक साधा कॉलर माईक घेऊन आला. तोवर आजींना मी गरम पाणी प्यायला लावले.

जगात जर्मनी

मंडपातला माईक का नको, असे नातवाने विचारले. प्रश्न रास्त होता. त्या माईकमध्ये चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. तो मजबूत असतो, पण त्याच्याकडून येणारी वीज फारच थोडी, काही सहस्रांश व्होल्टची. लॅपटॉपला ती पुरत नाही; आवाज वाढविला तर सळसळ अधिक वाढते. त्याच्यासाठी मध्ये ऑडिओ इंटरफेस नावाची डबी लागते. ती आवाज वाढवून, त्याचे आकड्यांत रूपांतर करून यूएसबीच्या वाटेने लॅपटॉपला देते. स्टुडिओतल्या काही माईकांना ४८ व्होल्टचा पुरवठा लागतो, तोही हीच डबी करते.

कॉलर माईकची जात वेगळी. त्याच्यात कायमचा विद्युतभार साठवलेला एक पातळ पडदा असतो. १९६२ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर या दोघांनी हा इलेक्ट्रेट माईक तयार केला. सेसलर हे जन्माने जर्मन. ‘जगात जर्मनी आणि भारतात परभणी’ ही आमची म्हण तशी थट्टेचीच. पण जर्मन माणसाने घडविलेला कान परभणीच्या आजीच्या पदराला लागला, तेव्हा ती मला त्या दिवसापुरती खरी वाटली! या माईकला दोन-तीन व्होल्टची वीज पुरते आणि ती लॅपटॉप त्याच भोकातून स्वतःच पुरवितो.

ज्यांना या भानगडीत पडायचेच नाही, त्यांनी सरळ यूएसबी माईक घ्यावा. आवाजाचे आकडे करण्याची सोय त्याच्या पोटातच असते, त्यामुळे गोल भोकाशी त्याचा संबंध येत नाही. ज्या सडपातळ लॅपटॉपांना गोल भोकच नाही, त्यांनाही हीच वाट बरी. ब्लूटूथच्या बिनतारी हेडफोनचा माईक मात्र या कामाला घेऊ नये. तो चालू झाला की आवाज बहुधा टेलिफोनसारखा चिरका होतो.

यंत्राची समजूत

तार जुळली तरी यंत्राची समजूत घालावी लागते. विंडोजच्या लॅपटॉपवर सेटिंग्जमध्ये सिस्टीम, त्यात साउंड आणि त्यात इनपुट असे आत आत जावे आणि तेथे बाहेरचा माईक निवडावा. पिन घालताच कोणते यंत्र जोडले असे लॅपटॉपने विचारले, तर हेडफोन न म्हणता माईक किंवा हेडसेट म्हणावे. प्रायव्हसीच्या पानावर माईक वापरण्याची परवानगी दिलेली आहे की नाही तेही पाहावे. गोंगाट पुसण्याची सोय बंद करावी. तिला बहुधा ऑडिओ एन्हान्समेंट्स म्हणतात. मग माईकवर बोटाने हलकेच टिचकी मारावी. पडद्यावरची पट्टी हलली म्हणजे कान जागा झाला.

आवाजाची पट्टी मोठ्यात मोठ्या सुराला तीन-चतुर्थांशापर्यंत जावी. टोकाला टेकली की सूर फाटतो आणि फाटलेला सूर पुढे शिवता येत नाही. चार्जर काढून ठेवावा, म्हणजे विजेची घूं घूं येत नाही. त्यासाठी बॅटरी आधी भरून ठेवावी. माईक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लावावा, पदराच्या घडीत दडू देऊ नये. काकणे किणकिणली तर किणकिणू द्यावीत. ओवीबरोबर तीही असतातच.

ध्वनिमुद्रणासाठी ‘ऑडॅसिटी’ हे २००० सालापासून फुकट मिळणारे साधन पुरेसे आहे. आवाज वेव्ह प्रकारात साठवावा. सेकंदाला ४४,१०० नमुने आणि १६ बिट, अशा एकेरी मुद्रणाला तासाला सुमारे ३१८ मेगाबाइट जागा लागते. आजच्या काळात ती काहीच नव्हे. एक प्रत लॅपटॉपवर आणि दुसरी निराळ्या डिस्कवर ठेवावी.

त्या दिवशी चौथ्या खेपेस रेघ हलली. आजींनी आधी स्वतःचे नाव सांगितले, मग माहेरचे गाव सांगितले आणि जात्याला हात घातला. बेचाळीस मिनिटे त्या गात होत्या. मध्येच त्यांना एक ओवी आठवली, जी त्यांच्या सुनेनेही कधी ऐकली नव्हती. धाकट्या बहिणीवरची होती. ती बहीण लहानपणीच गेली होती, आणि त्या घरात तिचे नाव त्या दिवसापर्यंत कोणाला माहीत नव्हते.

यंदा चैत्रात आजी गेल्या. नागपंचमीला माहेरी आलेल्या त्यांच्या लेकीने ते मुद्रण लावायला सांगितले आणि पुरते ऐकून झाल्यावर आपल्या मुलीसाठी त्याची एक प्रत मागून नेली.

तेव्हा वाचकहो, एवढेच करा. वडील माणसाला बसविण्याच्या आदल्या दिवशी पिनेवरच्या रेघा मोजा, वायर आणून ठेवा आणि स्वतःच्या आवाजावर दोन मिनिटांची चाचणी घेऊन ती ऐका. त्यांची संमती विचारा. ध्वनिमुद्रण कोणाकोणाला ऐकवायचे हेही त्यांनाच ठरवू द्या. सुरुवातीला नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. मग पंखा बंद करा, दार लोटून घ्या, आणि त्या जे म्हणतील ते मध्ये न बोलता ऐका.