वर्गमूळाची जुनी रीत व तिचीं स्थानचिन्हें

शाळेंत वर्गमूळ काढतांना मुलें उजवीकडून दोन दोन अंकांच्या जोड्या पाडतात. ही रीत इंग्रजी अमदानींतील पाठ्यपुस्तकांबरोबर आपल्याकडे आली, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. तो टिकण्यासारखा नाहीं. आर्यभटानें इ. स. ४९९ च्या सुमारास रचिलेल्या 'आर्यभटीया'च्या गणितपादांत हीच रीत आहे, व भास्कराचार्यांनीं 'लीलावतीं'त (शके १०७२, इ. स. ११५०) ती पुनः सांगितली आहे.

एकं, शतं, अयुत हीं विषम स्थानें. आर्यभट त्यांस 'वर्ग' म्हणतो. दहं, सहस्र हीं सम, म्हणजे 'अवर्ग' स्थानें. 'लीलावतीं'त २९७ चा वर्ग, म्हणजे ८८२०९, उदाहरणार्थ घेतला आहे. त्याचेंच मूळ काढून पाहूं.

अयुतस्थानच्या ८ मधून २ चा वर्ग ४ वजा केला, बाकी ४. तीवर सहस्राचा ८ घेतला, ४८ झाले. मुळाची दुप्पट ४, तिनें भागिलें. भाग १२ वेळां जातो. परंतु मुळाच्या एका स्थानीं ९ हून मोठा अंक बसत नाहीं, म्हणून ९ च घ्यावयाचे. नवशिका बहुधा येथेंच अडतो. ३६ जाऊन १२ उरले, त्यांवर २ घेऊन १२२, त्यांतून ९ चा वर्ग ८१ वजा, बाकी ४१. पुढें ४१० ला २९ च्या दुपटीनें, ५८ नें, भागिलें. ७ आले, ४ उरले. त्यांवर ९ घेऊन ४९; ७ चा वर्ग वजा करतां शून्य. मूळ २९७.

आज आपण ४९ गुणिलें ९, म्हणजे ४४१, एकदम वजा करतों. प्राचीन ३६० व ८१ निरनिराळे वजा करीत. भेद एवढाच. दोन राशींच्या बेरजेच्या वर्गांत त्यांचे वर्ग व त्यांच्या गुणाकाराची दुप्पट असते, हें तत्त्व दोहोंसही समान आहे.

संशोधकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. टीकाकारांच्या परिपाटींत विषम स्थानावर उभी व सम स्थानावर आडवी रेघ देतात. गणिताच्या पोथींत अंकांवर अशा रेघा दिसल्यास त्या दंड अथवा लेखकाचा प्रमाद समजून गाळूं नयेत. गाळल्यास गणिताची वाटच पुसली जाते.

चाळीसगांवाजवळील पाटण येथें भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनीं आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनार्थ मठ स्थापिल्याचें शके ११२८ च्या शिलालेखावरून कळतें. तेव्हां ही विद्या महाराष्ट्रांत परकी नव्हे. मुलांस जोड्या पाडावयास शिकवितांना त्यामागील स्थानांचा अर्थही सांगावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.