स्वस्त गिटारमधलं काय जपायचं?

(जाहीर व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

जुन्या वाद्यांची दुरुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर मौल्यवान वाद्यं येतात. आजचं वाद्य तसं नाही. अमेरिकेत १९२० आणि १९३०च्या दशकांत काही डॉलरांत मिळणारी साधी अकूस्टिक गिटार, हा आजचा विषय. ब्लूजचा सुरुवातीचा मोठा भाग अशाच गिटारवर वाजला. आज काही कारागीर या गिटार दुरुस्त करतात, काही त्यांच्या प्रतिकृती घडवतात. दोघांपुढे प्रश्न एकच असतो : हिच्यातलं काय सुधारायचं आणि कशाला हात लावायचा नाही?

ही गिटार आली कुठून?

न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीमध्ये ऑस्कर श्मिट नावाची कंपनी होती. तिच्या ‘स्टेला’ गिटार ब्लूजच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. लेड बेली आणि ब्लाइंड विली मॅक्‌टेल या दोघांची बारा तारांची स्टेला तर त्यांची ओळखच झाली. पुढे १९३९मध्ये स्टेला हे नाव शिकागोच्या हार्मनी कंपनीकडे गेलं. तिकडे मिशिगनमध्ये गिब्सन कंपनीने मंदीच्या काळात ‘कॅलमझू’ या नावाने स्वस्त गिटार काढल्या. त्यांच्यावर गिब्सनचं नाव नसे.

सीअर्स रोबकसारख्या कंपन्यांच्या जाडजूड कॅटलॉगमधून अशा स्वस्त गिटार टपालाने मागवता येत. दक्षिणेकडच्या कृष्णवर्णीय शेतमजुराला गावातल्या दुकानात मान मिळेलच असं नव्हतं. कॅटलॉग मात्र गिऱ्हाइकाचा रंग विचारत नव्हता.

पोटात डोकावून पाहू

गिटारची समोरची पाटी तंबोऱ्याच्या तबलीचं काम करते. ती जेमतेम तीन मिलिमीटर जाडीची असते. सहा पोलादी तारा चढवून सुरात लावल्या की सगळ्या मिळून साधारण ७० किलोंचा ताण पडतो. एवढ्या पातळ पाटीने तो सोसावा म्हणून तिला आतून लाकडी पट्ट्या चिकटवतात.

महाग गिटारमध्ये या पट्ट्या फुलीसारख्या एकमेकींना छेदतात. मार्टिन कंपनीत ही रचना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दिसते. फुलीचा छेद नेमका बसवायला कसबी हात आणि वेळ लागतो. स्वस्त गिटारमध्ये तीन-चार पट्ट्या आडव्या चिकटवल्या की काम संपलं. शिडीच्या पायऱ्यांसारख्या दिसतात, म्हणून या रचनेला ‘लॅडर ब्रेसिंग’ म्हणतात.

आता गंमत बघा. लाकडाचे तंतू पाटीच्या लांबीच्या दिशेने जातात आणि तारांची ओढही त्याच दिशेने असते. आडव्या पट्ट्या पाटीला रुंदीत आधार देतात, लांबीत फारसा देत नाहीत. त्यामुळे वर्षानुवर्षांच्या ताणाने ब्रिज, म्हणजे आपल्या तंबोऱ्याची घोडी, पुढे कलते. तिच्या मागची पाटी फुगते, पुढची खचते. रचना म्हणून ही कमकुवत आहे, यात वाद नाही.

पण तीच पाटी वाजते कशी? तार छेडली की आवाज चटकन उठतो, मध्यम स्वरांत ठळक असतो आणि लवकर विझतो. फुलीच्या गिटारसारखी लांब, मखमली आस मिळत नाही. ब्लूजमध्ये अंगठा खर्जाच्या तारांवर सतत ठेका धरतो आणि बाकीची बोटं वर सूर काढतात. खर्ज लांब रेंगाळला तर सगळं एकात एक मिसळून जाईल. इथे प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो. लेड बेलीच्या स्टेलाच्या तारा ब्रिजवर संपत नव्हत्या. त्या खालच्या टोकाच्या पत्र्याच्या पट्टीला अडकवलेल्या होत्या. अशा वेळी तारा ब्रिजला ओढत नाहीत, वरून दाबतात. पाटीवरची पिळवटणारी ओढ कमी होते आणि आवाज आणखी ठोकीव होतो.

अंगाला शिसवीऐवजी साधं बर्च, दांडीला पॉपलर, हीदेखील काटकसरच. कारखान्याला आवाजाची काळजी होती म्हणून हे झालं नाही, खर्च वाचवायचा होता म्हणून झालं. वादकांनी त्या आवाजाला साजेसं संगीत उभं केलं.

दुरुस्ती : तीन चाळण्या

अशी गिटार टेबलावर आली की दोषांच्या तीन गटांत वाटण्या करायच्या.

पहिला गट म्हणजे इजा. सुटलेल्या पट्ट्या, पाटीला गेलेल्या भेगा, उघडलेले सांधे. हे दुरुस्त करायचंच. इथे जुना सुतारी सरस वापरतात, त्यालाही कारण आहे. सरस सुमारे ६० अंशांवर गरम करून लावतात आणि तो घट्ट धरतो. पुढे कधी सांधा उघडावा लागला तर उष्णतेने आणि पाण्याने तो सुटतो. जुन्या सरसावर नवा सरस पुन्हा धरतो. भेगेला आतून छोट्या लाकडी चकत्यांची ठिगळं देतात.

दुसरा गट म्हणजे वाजवायला त्रास देणाऱ्या पण आवाजाशी संबंध नसलेल्या गोष्टी. दांडी पुढे झुकून तारा उंच गेलेल्या असतात. समजा, बाराव्या पडद्यापाशी तारा २ मिलिमीटर खाली आणायच्या आहेत. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, म्हणून ब्रिजपाशी दुप्पट, म्हणजे ४ मिलिमीटर फरक लागेल. तेवढा ब्रिज तासायचा का? नाही. तासला तर तारांचा पाटीवरचा दाब बदलतो आणि आवाज मरतो. त्याऐवजी दांडीच्या सांध्यात वाफ सोडून ती सोडवायची आणि तिचा कोन बदलायचा. बाराव्या पडद्यापाशी अंगाला जुळणारी दांडी असेल, तर सांध्यापासून ब्रिजपर्यंत साधारण ३१७ मिलिमीटर अंतर असतं. दांडीची टाच ९० मिलिमीटर धरली, तर ४ गुणिले ९० भागिले ३१७. टाचेच्या टोकाशी फक्त १ मिलिमीटरच्या थोडं वर लाकूड काढायचं, आणि सांध्याकडे येईपर्यंत ते शून्यावर आणायचं. एवढ्याशा पाचरीने गिटार पुन्हा हाताखाली येते. मात्र बाटलीची मान किंवा सुरी तारांवर घसरवत वाजवणाऱ्याला उंच ताराच हव्या असतात. म्हणून वाजवणार कोण, हे आधी विचारायचं.

तिसरा गट म्हणजे आवाज घडवणारी काटकसर. आडव्या पट्ट्या, बर्चचं अंग, जुनं पॉलिश, ब्रिजची जात. याला हात लावायचा नाही. नेमका इथेच मोह होतो. पाटी उघडून आडव्या पट्ट्या काढायच्या आणि फुली बसवायची, असं रूपांतर पुष्कळ गिटारचं झालं आहे. गिटार टिकाऊ होते, गोडही वाजते. पण ती वेगळी गिटार असते. आणि हा बदल उलटवता येत नाही.

याने काय बिघडतं? त्या काळातला आवाज आपल्याला दोन वाटांनी कळतो. एक, ७८ आरपीएमच्या तबकड्या. त्यांत खरखर आहे, मायक्रोफोनची मर्यादा आहे. दुसरी वाट म्हणजे खुद्द वाद्य. गिटारचं पोट बदललं की तबकडी पडताळून पाहायचा एक साक्षीदार कमी होतो. गिटार स्वस्त होती, म्हणून जपून ठेवलेल्या प्रती आधीच थोड्या आहेत. महाग वाद्याच्या वाट्याला पेटी आली, हिच्या वाट्याला पडवी.

प्रतिकृती करताना

प्रतिकृतीत प्रश्न उलट्या बाजूने येतो. पाटीची जाडी चुंबकाच्या मापकाने, गिटार न उघडता मोजता येते. आतल्या पट्ट्या मधल्या भोकातून आरसा आणि दिवा घालून बघता येतात. मापं मिळतात. पण कोणत्या गिटारची? एकाच मॉडेलच्या दोन गिटार सारख्या नसत, कारण काम झपाट्याचं होतं. चुकीच्या जागी बसलेला पडदा उतरवायचा नाही, ती नुसती चूक आहे. हलकी पाटी आणि आडव्या पट्ट्या उतरवायच्या.

लाकडाचं वय मात्र विकत मिळत नाही. काही जण भट्टीत तापवलेलं लाकूड वापरतात. त्यातला ओलावा आणि राळ कमी होऊन पाटी हलकी, कोरडी वाजते. तो जवळचा रस्ता आहे, नव्वद वर्षांचा पर्याय नाही.

टेक्सासमधल्या कॉलिंग्ज कंपनीने २०१४मध्ये ‘वॉटर्लू’ नावाने कॅलमझूच्या धर्तीवर गिटार आणल्या. त्यात आडव्या पट्ट्या हा पर्याय मुद्दाम ठेवला. मजुराला परवडावी म्हणून जन्मलेल्या गिटारची ही आवृत्ती सुरुवातीला सुमारे २००० डॉलरना जात होती. कसबी हाताने काटकसरीची नक्कल करायची, तर काटकसर महाग पडते.

प्रश्नोत्तरांतून

प्रश्न : घरात वडिलांची जुनी, स्वस्त गिटार आहे. ब्लूजची नाही, साधीच. आधी काय करू?

उत्तर : आधी तारा सैल करा. ७० किलोंचा ताण काढणं ही सगळ्यांत स्वस्त दुरुस्ती. सांधा सुटला असेल तर घरचा पांढरा गोंद भरू नका. तो वाळला की त्यावर सरस धरत नाही, आणि पुढच्या कारागिराला आधी तो खरवडावा लागतो. भेग असेल तर पॉलिश लावून झाकू नका. मग कारागिराकडे जा आणि प्रत्येक बदलाबद्दल एकच विचारा : हे उद्या उलटवता येईल का? ‘हो’ म्हणाला तर करू द्या. ‘नाही’ म्हणाला तर आठवडाभर थांबा, आहे तशी वाजवून ऐका, आणि मग ठरवा.