शिडाच्या जुन्या होडीला आतला फोरस्टे

शिडाच्या होडीची डोलकाठी मागे कलू नये म्हणून तिच्या शेंड्यापासून नाळेपर्यंत जी पोलादी तार ताणतात, ती फोरस्टे. पुढचे मोठे शीड, म्हणजे जेनोआ, याच तारेवर चढते. १९७०-८० च्या सुमाराच्या अनेक होड्यांना पुढे एवढी एकच तार असते. वारा वाढला की जेनोआ तारेभोवती अर्धा गुंडाळायचा. पण अर्धा गुंडाळलेला जेनोआ पोट काढतो आणि उरलेले कापड उंच, पुढे राहते. होडी कलते, पण वाऱ्याच्या तोंडावर चढत नाही. उपाय म्हणजे डोलकाठीच्या जवळ, जुन्या तारेला साधारण समांतर अशी दुसरी तार, म्हणजे आतला फोरस्टे. तिच्यावर स्टेसेल हे लहान, जाड शीड लावतात. त्याचा जोर खाली आणि होडीच्या मध्याकडे येतो.

नव्या नौकांची उदाहरणे म्हणजे गोव्यात रत्नाकर दांडेकर यांच्या अ‍ॅक्वेरिअस शिपयार्डने बांधलेल्या नौदलाच्या ‘म्हादेई’ (२००९) आणि ‘तारिणी’ (२०१७) या पृथ्वीप्रदक्षिणेसाठीच्या नौका. ‘तारिणी’च्या शिडांत जेनोआ आहे, तसे स्टेसेल आणि वादळी शीडही. नव्या नौकेत स्टेसेलच्या तारेचा विचार आराखड्यातच होतो. जुन्या होडीत तो मागाहून करावा लागतो, आणि खरी मेहनत तारेची नसतेच, तिची ओढ कुठे पोचवायची याची असते.

ही ओढ टनाच्या घरात जाऊ शकते आणि ती डेकला वर खेचते. फायबरग्लासच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड असलेले डेक ती पेलत नाही. खालून नुसती पट्टी लावून बोल्ट आवळणे ही फसवी काटकसर आहे. तार नांगराच्या कप्प्यामागच्या आडभिंतीच्या बरोबर वर आणून भिंतीलाच पट्टी बोल्टने जोडतात, किंवा डेकखालून सळई नेऊन नाळेच्या आतल्या भक्कम भागाला बांधतात. त्याआधी लहान हातोडीने डेक ठोकून पाहावे. टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला, तर आतले लाकूड ओले असण्याची किंवा थर सुटल्याची शक्यता असते. ते दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

वरचे टोक डोलकाठीच्या शेंड्याच्या अगदी जवळ असेल तर निभावते. खाली असेल, तर तार डोलकाठीचा मधला भाग पुढे ओढते. तो सावरायला मागे दोन्ही बाजूंना रनिंग बॅकस्टे, म्हणजे ताणता-सोडता येणारे दोर, हवेत. दिशा बदलताना एक सैल करून दुसरा ताणायचा, हा कामाचा भाग बऱ्याच जणांना नकोसा होतो. पण जोराच्या वाऱ्यात तो टाळून चालत नाही. डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची आणि तिच्यावरची, तार अडकवायची पट्टी स्टेनलेस स्टीलची, त्यामुळे दोहोंमध्ये रोधक लेप हवा. नाहीतर खाऱ्या दमट हवेत अ‍ॅल्युमिनियम पांढऱ्या भुकटीसारखे झडू लागते.

एरवी ही तार अडचणच असते, कारण दिशा बदलताना जेनोआला दोन तारांमधल्या फटीतून जावे लागते. म्हणून खालचे टोक तरफेने ताणता आणि सोडता येईल असे ठेवतात, आणि नको तेव्हा तार डोलकाठीलगत बांधून ठेवतात. स्टेसेलसाठी वर चढवण्याचा स्वतंत्र दोर आणि डेकवर शीटसाठी, म्हणजे शीड आवरणाऱ्या दोरासाठी, मध्याकडे सरकलेली जागाही लागते. जुना फोरस्टे तुटलाच, तर हीच तार डोलकाठीला पडू देत नाही. मात्र ती त्या वेळी लावलेली असली तर. पहिल्यांदा जोराच्या वाऱ्यात चालवून आल्यावर डेकवरच्या पट्टीभोवती केसासारख्या भेगा दिसतात का, हे पाहून बोल्ट पुन्हा आवळतात.