सोलापूरच्या उन्हात नाताळची कुकी

आज शॉर्टब्रेडबद्दल बोलू. ही आपल्या नानकटाईची स्कॉटलंडमधली बहीणच. माप सोपं: १०० ग्रॅम पिठीसाखर, २०० ग्रॅम बटर, ३०० ग्रॅम मैदा. पाणी नाही. बटर मैद्याच्या कणांना वेढतं, ग्लुटेनची जाळी नीट बनत नाही, म्हणून कुकी खुसखुशीत होते.

पण सोलापुरात डिसेंबरच्या दुपारीही पारा तिशीच्या आसपास! बटर सैल पडलं की ओव्हनमध्ये चांदणीची भाकरी होते. म्हणून मी आकार कापले की ताट अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवते. मग १६० अंशांवर १५-२० मिनिटं, कडा जरा सोनेरी होईपर्यंत.

सजावट कुकी पूर्ण गार झाल्यावरच, नाहीतर आयसिंग ओघळतं. आयसिंगला बरेच जण अंड्याचा पांढरा भाग घेतात. मी पिठीसाखरेत थेंब थेंब लिंबाचा रस घालते. कारण दिवाळीत ज्यांच्याकडून फराळ येतो, त्या शाकाहारी शेजाऱ्यांकडेही नाताळला हा डबा जातो. त्यांनी तो बिनधास्त उघडावा ना! आणि इथे आपली कोरडी हवा मदतीला येते: आयसिंग पटकन सुकतं.

करून बघा, आणि पहिला डबा शेजारी द्या!