राष्ट्रकूट : हुद्दा आणि कुळ

राष्ट्रकूट म्हटले की वेरूळचे कैलास लेणे आणि मान्यखेटचे बलाढ्य सम्राट डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु त्या सम्राटांच्या उदयापूर्वी सुमारे चार शतके याच नावाचे एक घराणे दक्षिणेत नांदत होते, आणि त्याची राजधानी जे मानपूर, ते सातारा जिल्ह्यातील माणच होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले आहे. या घराण्यातील अभिमन्यूच्या ताम्रपटात मूळपुरुष मानाङ्क यास राष्ट्रकूटांचा तिलक म्हटले असून, पांडरंगपल्लीच्या ताम्रपटात त्यालाच कुंतलांचा शास्ता म्हणून गौरविले आहे. म्हणजे एकाच राजाची ओळख एकीकडे कुळावरून, तर दुसरीकडे ज्यांच्यावर त्याची सत्ता चालली त्या लोकांवरून दिलेली आहे.

आज संपूर्ण देशास लावला जाणारा ‘राष्ट्र’ हा शब्द प्राचीन दानपत्रांत राज्याच्या एका मुलकी विभागाचा वाचक आहे. ग्रामाचा प्रमुख तो ग्रामकूट, तसा राष्ट्राचा प्रमुख तो राष्ट्रकूट. पुढे परगण्याच्या वतनदारास देशमुख म्हणत, आणि वतन वंशपरंपरा चालल्याने हुद्द्याचेच आडनाव होऊन बसले. माणदेशात तर हे कोणास समजावून सांगावयास नको. राष्ट्रकूट या पदाचेही असेच कुलनाम झाले असावे, असे मला वाटते.

या शब्दाची पाळेमुळे फार खोल आहेत. अशोकाच्या गिरनार येथील पाचव्या शिलालेखात राष्ट्रिकांचा उल्लेख लोकसमूह म्हणून येतो. सातवाहनकाळी नाणेघाटात व कार्ल्यास महारठी हे मानाचे बिरुद आढळते, आणि बेडशाच्या लेण्यात तर एक स्त्री महारठिनी म्हणून निर्दिष्ट आहे. रा. गो. भांडारकरांनी महाराष्ट्र हे नाव याच रट्ठांशी (म्हणजे राष्ट्रिकांशी) जोडले, तर अ. स. आळतेकरांनी राष्ट्रकूट शब्दामागील अधिकारपदावर भर दिला. इ. स. ६३४ च्या ऐहोळे प्रशस्तीत ९९,००० गावांच्या तीन महाराष्ट्रकांचा निर्देश येतो, तेथे हा शब्द प्रदेशवाचक झालेला आहे.

एवढी स्थित्यंतरे पाहिलेल्या शब्दावरून आजच्या एखाद्या ज्ञातीचे रक्त थेट मानाङ्कापर्यंत नेऊन भिडवणे शास्त्राला धरून नाही. गावाचा किंवा घराण्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी ताम्रपटात हा शब्द दिसताच, तो तेथे हुद्दा म्हणून आला आहे की कुळाचे नाव म्हणून, याची आधी शहानिशा करावी, आणि मगच लेखणी पुढे चालवावी.