संगणकावर पाठ रचण्याची विद्या किती दिवसांत येते?

पाठ्यपुस्तकांतील चौकोनी क्यूआर संकेत मोबाइलनें टिपला कीं ‘दीक्षा’ या २०१७ सालीं सुरू झालेल्या शासकीय व्यवस्थेंतील पाठ पडद्यावर उघडतो. असा पाठ आपणही रचावा, असें अकोल्याच्या जठारपेठेंतील एखाद्या शिक्षकास वाटलें, तर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हें किती दिवसांत येईल?

या कामासाठीं स्वतंत्र सॉफ्टवेअर असतें. ‘आर्टिक्युलेट स्टोरीलाइन’ विकत घ्यावें लागतें. नॉर्वेंत जन्मलेलें ‘एच-फाइव्ह-पी’ विनामूल्य वापरतां येतें. ज्यास पॉवरपॉइंटवर चार चित्रें जुळवितां येतात, तो एच-फाइव्ह-पीमध्यें एखादा बहुपर्यायी प्रश्न पहिल्याच संध्याकाळीं बसवूं शकेल. स्टोरीलाइनमध्यें मात्र ‘येथें बोट टेकविलें तर तें चित्र दाखवावें, दोनदां चुकल्यास मागील पान उघडावें’ अशा अटी घालाव्या लागतात. रोज तासभर बसणाऱ्यास त्यांची संवय होण्यास महिना-दोन महिने लागले, तर त्यानें स्वतःस मंदबुद्धि समजूं नये.

मराठी शिक्षकास आणखी एक पायरी चढावी लागते. जुन्या टंकांत साठविलेली प्रश्नपत्रिका येथें उचलून आणली, तर पडद्यावर निरर्थक चिन्हें उमटतात; कारण त्या टंकांत रोमन अक्षरांच्याच जागीं देवनागरीचे आकार बसविलेले असतात. मजकूर युनिकोडमध्येंच हवा, आणि त्यासाठीं बोटांना नवें वळण लावावें लागतें.

पण इतकें साधलें म्हणजे विद्या आली, असें मात्र नाहीं. समजा, पाठ गुलाबी बोंडअळीचा आहे. २०१७ च्या हंगामांत विदर्भांतील कपाशीचें तिनें केवढें नुकसान केलें, तें वऱ्हाडांतील मुलांना निराळें सांगावयास नको. प्रश्न असा: बोंड कोण खातें? पर्याय चार: अंडें, अळी, कोष, पतंग. बरींच मुलें ‘पतंग’ म्हणतील, आणि त्यांस तसें कारणही आहे; शेतांतील कामगंध सापळ्यांत त्यांनीं पतंगच सांपडलेले पाहिले असतात. पडद्यावर नुसती लाल फुली उमटली, तर मूल दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवील, बरोबर ठरेल आणि कांहीं न शिकतां पुढें जाईल. ‘सापळ्यांत येतो तो नर पतंग, तो बोंड खात नाहीं. मादी अंडीं घालते. त्यांतून निघालेली अळी कोवळ्या बोंडांत शिरते, तिचें छिद्र बुजतें, म्हणून बोंड वरून धडधाकट दिसतें,’ असें उत्तर त्या चुकीसाठींच लिहून ठेवावें लागतें. चुकीच्या प्रत्येक पर्यायामागें मुलाचा कोणता समज आहे, हें ओळखणें ही या विद्येंतील खरी मेहनत होय. ती कोणतेंही सॉफ्टवेअर शिकवीत नाहीं. वीस वर्षें फळ्यासमोर उभा राहिलेला शिक्षक येथें तरुण तंत्रज्ञाच्या पुष्कळ पुढें असतो.

वेळेचा अंदाज घेण्यास एक मोजमाप उपयोगी आहे. २०१० सालीं ब्रायन चॅपमन या अमेरिकन अभ्यासकानें पाठ रचणाऱ्या व्यावसायिकांकडून माहिती मिळविली. तासाभराच्या साध्या पाठास सरासरी ७९ तास, प्रश्न व कृति घातलेल्या पाठास १८४, आणि अतिशय गुंतागुंतीच्या पाठास ४९० तास लागल्याचें त्यांत दिसलें. हा हिशेब त्या धंद्यांतील माणसांचा आहे! शाळा सांभाळून रोज एक तास देणाऱ्यानें दहा मिनिटांचा पाठ घेतला, तरी त्यांत महिना सहज निघून जातो.

शिवाय साधनें टिकत नाहींत. एके काळीं असे असंख्य पाठ ‘फ्लॅश’मध्यें रचले जात. ३१ डिसेंबर २०२० रोजीं अडोबी कंपनीनें त्याचा आधार काढून घेतला आणि ते पाठ नेहमींच्या मार्गानें उघडेनासे झाले. यासाठीं शिक्षकानें प्रश्न, पर्याय आणि प्रत्येक चुकीवरील उत्तर आधीं वहींत लिहावें. मग त्यांतील एकच प्रश्न विनामूल्य साधनांत बसवून, तो चार मुलांना साध्या मोबाइलवर सोडवावयास द्यावा आणि तीं कोठें अडखळतात तें शेजारीं बसून पाहावें.